चूलबंद आवतन

पांढुर्ण्याची नगरपालिका पक्षाच्या हातून गेली तेव्हा दत्तूभाऊ घाटोड्यांना सगळ्यांत आधी आठवले ते रोडगे.

हरल्याचं दुःख होतंच, नाही असं नाही. पण निवडणूक हरलेला माणूस चार दिवस तोंड लपवून घरात बसू शकतो, आणि दत्तूभाऊंनी ती सोय स्वतःच मोडून ठेवली होती. मतमोजणीच्या आधीच त्यांनी विजयाच्या जेवणाचं आवतन गावभर देऊन टाकलं होतं. येत्या रविवारी, तिगावच्या वाटेवरच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. कणीक दळून आली होती, तुपाचे डबे बागेत पोचले होते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण ज्याने काढली त्याला कुठल्यातरी पक्षाचा शहर अध्यक्ष नक्की भेटला असणार.

दत्तूभाऊ असे शहर अध्यक्ष, आणि तेही आजकालचे नव्हेत. धंदा साड्यांचा. बाई दुकानाची पायरी चढली की तिला कोणत्या काठाची साडी आवडेल हे ते गादीवर बसल्या बसल्या ओळखत. ती मत कोणाला देईल हे मात्र त्यांनी आयुष्यात एकीलाही विचारलं नव्हतं. कशाला विचारायचं? घरचा कर्ता पुरुष आपला की घर आपलं, अशी त्यांची मोजायची रीत. "ते चूल आपली हाय," असं ते हात उडवून सांगत, आणि कितीतरी निवडणुका ते खरंही ठरलं होतं.

जेवणाचं आवतन मात्र चुलीला नसे. त्या भागात आवतन दोन प्रकारचं असतं. एक असतं ताटाचं, म्हणजे घरातल्या एका माणसाने येऊन जेवून जायचं. दुसरं चूलबंद. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, म्हातारीपासून तान्ह्या लेकरापर्यंत सगळ्यांनी यायचं. लग्नाला, तेराव्याला आपल्या माणसांना चूलबंद सांगतात. पक्षाचं आवतन कायम एका ताटाचं. दत्तूभाऊ एका ताटाला जेवू घालत आणि मोजताना सगळी चूल मोजत. यात काही गडबड आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि जिंकत असलेल्या माणसाला तसं वाटावं तरी कशाला?

आता हरल्यावर कारण लागतं, आणि कारणाला माणसाचं नाव असलं की फार सोयीचं पडतं. गावाने ते नाव दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं. सुरेश.

झालं होतं असं. दत्तूभाऊंचा स्वतःचा वॉर्ड या खेपेला बायकांसाठी राखीव झाला. सुरेशचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, आणि मिसरूड फुटल्यापासून तो पक्षाच्या सतरंज्या उचलत आलेला. त्याची बायको गायत्री बचत गट चालवायची, चारचौघींत बोलायची. तिला तिकीट द्या, असं सुरेशने सांगून पाहिलं. दत्तूभाऊंनी ते दिलीपच्या बायकोला, प्रणालीला दिलं. म्हणजे खरं तर दिलीपलाच दिलं. चौकातल्या फलकावर दिलीप हात जोडून हा एवढा मोठा, आणि उमेदवार प्रणाली खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. भाषणं दिलीपने केली, हार दिलीपने घातले. निवडून आली, म्हणजे तिकडच्या भाषेत पार्षद झाली, ती समोरच्या पक्षाची मंगला, गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवणारी. सुरेश प्रचारात रोज यायचा, सांगितलेलं काम करायचा, पण तोंडातून शब्द काढत नसे. लोकांना तेवढं पुरलं.

शुक्रवारी सौसरहून पंकजचा फोन आला. जिल्ह्याने त्याला पराभवाची चौकशी करायला नेमलं होतं.

"दत्तूभाऊ, सौसरचं झालं, लोधीखेड्याचं झालं, रविवारी तुमच्याकडे येऊन राहिलो. जेवन हाय म्हनता, त बागेतच बसू. वरचे एकच विचारून राहिले, भितरघात कोनं केला, आतून कोनं पाडलं. एक नाव तयार ठेवा. त्याले काढलं की विषय संपते."

"नाव हाय," दत्तूभाऊ म्हणाले आणि फोन ठेवल्यावर उगाच पाणी प्यायले.

त्या दुपारी ते बागेत गेले तर सुरेश गोवऱ्या रचत होता. कोणी बोलावलं नव्हतं. दर खेपेला तोच रचायचा, म्हणून आला होता.

"भाऊ," तो पाठ न वळवता म्हणाला, "तुमी माह्यं नाव देऊन राहिले म्हनते लोकं."

दत्तूभाऊ संत्र्याच्या झाडांकडे पाहत राहिले. झाडं फळांनी वाकली होती, पाहायला पुष्कळ होतं.

"द्या," सुरेश म्हणाला. "टिकटाचा राग आला होता, खोटं नाही बोलत. पन मत मी आपल्याच पार्टीले देल्लं. गायत्रीचं मले मालूम नाही, मी तिले विचारलं नाही. पार्टीतून काढलं त मी जाईन, बाप्पा, पन कुठी जाईन ते सांगा. मले दुसरं काही येत नाही."

हे ऐकून दत्तूभाऊंच्या छातीत कळ आली. ती छाती नागपूरच्या दवाखान्यात उघडून शिवली होती, तेव्हा त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्याहून सुट्टी मिळेना म्हणून उशिरा पोचला. तोवर खाटेशेजारी जमिनीवर झोपला होता तो सुरेश. भाऊंना हे आठवत होतं. पण नाव दिलं नाही तर वरचे म्हणणार, अध्यक्षच नालायक. वर्षानुवर्षं वापरलेली खुर्ची माणसाच्या पाठीला चिकटते. ते तसेच वळले आणि घरी आले.

शनिवारी सकाळी दत्तूभाऊंच्या पत्नी उर्मिलावहिनी स्वयंपाकघरात मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. दत्तूभाऊंपुढे चहा ठेवून त्यांनी विचारलं, "अजी, सुरेशभाऊचं नाव देता काय उद्या?"

"मंग कोनाचं देऊ?"

"माह्यं द्या."

दत्तूभाऊ हसले. उर्मिलावहिनी हसल्या नाहीत. मिरच्यांचं ताट त्यांनी बाजूला सारलं.

"मी मंगलाबाईचं बटन दाबलं."

दत्तूभाऊंनी कपबशी खाली ठेवली. तेहतीस वर्षांच्या संसारात या घरात कोण कोणाला मत देतं हा प्रश्न कधी निघालाच नव्हता. सूर्य कुठून उगवतो हे कोणी विचारतं का?

"उन्हाळ्यात आमी गल्लीतल्या बाया दुकानात आल्तो, याद हाय काय?" उर्मिलावहिनी म्हणाल्या. "नळ भर दुपारी येऊन राहिला होता. बाया कामावर गेलेल्या असते, घरी भराले कोनी नाही. पालिका आपली, त म्हनलं भाऊले सांगू, सकाळचा करून देईन. तुमी साडीची घडी घालत होते. वर न पाहता तुमी म्हनलं, घरच्या मानसाले पाठवा, त्याच्याशी बोलतो."

दत्तूभाऊंना आठवेना. असं ते रोजच कोणाला ना कोणाला म्हणत.

"आमी दुकानातून उतरलो. मागं मी होती त्याईच्यात. तुमी मले पाह्यलं बी नाही."

"तू होती?"

"होती. घरचा मानूस कोन पाठवू मी? माह्या घरचा मानूस त गादीवर बसून होता."

दत्तूभाऊंचा पारा चढला. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चढतो तसा, म्हणजे उलटा, समोरच्यावर. "मंग मोजनीले निघालो तवा मले कुंकू कायले लावलं?"

"नवऱ्याले लावलं. पार्टीले नाही लावलं."

मग त्यांचा आवाज खाली आला. "तुमाले हरवाचं नोतं जी. मले वाटलं, माह्या एका मतानं काय होते. एक चिमटा घ्यावा, भाऊ जागे होतीन. आता कळून राहिलं, सगळ्याईनंच चिमटा घेतला. निकाल लागला तवा ते गल्लीतली म्हातारी जयवंताबाई रडत आली माह्याकडे. म्हने, उर्मिले, मी त उगाच दाबलं होतं वं."

दत्तूभाऊ चप्पल घालून बाहेर पडले. जाम नदीच्या पुलापर्यंत गेले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. आधी बायकोचा राग आला, मग मंगलाचा, मग नळाचा. राग असा एकेकावरून फिरत फिरत शेवटी दुकानातल्या गादीवर येऊन बसला आणि तिथून हलेना. वर न पाहता. माणसाने स्वतःच्या बायकोला ओळखू नये, इतका कसला घडीत जीव अडकला होता?

आणि मग एकदम त्यांच्या अंगावर काटा आला. उद्या त्यांनी सुरेशचं नाव दिलं असतं. आज सकाळी ही बाई गप्प बसली असती, आणि गप्प बसणं तिला किती सोपं होतं, तर उद्या त्यांनी नाव दिलं असतं आणि वर सगळ्यांबरोबर जेवले असते. सुरेश पंगतीत वाढत असता. दत्तूभाऊंना रडूच आलं. पुलावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, पराभव फार मनाला लागला बिचाऱ्याच्या. खरं तर ते सुटल्याचं रडणं होतं. उर्मिलेचे आपल्यावर उपकार झाले आहेत, असं त्यांनी मनाशी स्पष्ट शब्दांत म्हटलं. असे शब्द नवरे सहसा मनाशीसुद्धा म्हणत नाहीत.

घरी येऊन ते दारातच म्हणाले, "तू सांगतलं नसतं त माह्या हातून पाप झालं असतं."

"चहा थंडा झाला तुमचा," उर्मिलावहिनी म्हणाल्या.

"जेवन रद्द करू काय?"

"देल्लेलं आवतन मागं घेत नाही कोनी." त्यांनी मिरच्यांचं ताट पुन्हा पुढे ओढलं. "बदलवता येते पन. चूलबंद करा."

"हारल्यावर?"

"मंग केव्हा करता? जितल्यावर त केलं नाही."

म्हणून शनिवारी दुपारी पांढुर्ण्याने एक नवल पाहिलं. दत्तूभाऊ घाटोडे हातात हळदीच्या अक्षतांची वाटी घेऊन गल्लीतून निघाले, शेजारी उर्मिलावहिनी, मागे सुरेश. पुरुष दारातच अडवत. "भाऊ, माह्यं आवतन भेटलं ना, कायले तरास घेता?"

"तुमचं भेटलं. काकू कुठी हाय? त्याईले बोलवा."

मग आतून पदराला हात पुसत कोणी यायची, भांबावलेली, आणि दत्तूभाऊ तिच्या हातावर अक्षता ठेवून म्हणायचे, "उद्या चूलबंद. सगळेजनं या." पहिल्या घरी त्यांची जीभ अडखळली, कारण इतकी वर्षं त्या घरात मत मागूनही त्या बाईचं नाव त्यांना माहीत नव्हतं. उर्मिलावहिनी मागून हळूच सांगत गेल्या.

जयवंताबाई खाटेवर बसून होत्या. त्यांनी अक्षता निरखून पाहिल्या. "दत्तू, मी तुले मत नाही देल्लं रे."

"मालूम हाय, मावशी. म्हनून आलो."

दिलीपच्या घरी दिलीप पुढे झाला. "प्रणालीले मी सांगतो, भाऊ."

"तिले मी सांगतो. तू बाजूले हो." प्रणाली आली, अक्षता घेतल्या आणि खाली मान घालून म्हणाली, "भाऊ, प्रचारात मले कोनी माईक देल्ला नाही. मी भाषन पाठ केलं होतं." "चुकलं, बाई," दत्तूभाऊ म्हणाले.

सगळ्यांत शेवटी मंगलाचं घर. शिलाई मशीन थांबवून ती उठली, तिला वाटलं भांडायला आलेत. दत्तूभाऊ म्हणाले, "नळ सकाळचा करा, पार्षदबाई. आमचे जेवढे निवडून आले तेवढे हात वर करतीन. आन उद्या चूलबंद जेवाले या." तिने अक्षतांसाठी हात पुढे केला. मग म्हणाली, "मंग माह्ये सासूबी येईन. त्याईले रोडगे आवडते."

रविवारी आर धगधगला, वांग्यांचा वास तिगावच्या रस्त्यापर्यंत गेला, आणि नेहमीचे पुरुष मोटरसायकलींवरून आले. फक्त पुरुष. जेवणाची वेळ टळत चालली तरी एकही बाई दिसेना. दत्तूभाऊ सारखे फाटकाकडे पाहत. उर्मिलावहिनींनी तुपाची वाटी तीनदा इकडची तिकडे केली. या दोघांना त्या दिवशी काय हवं होतं हे विचाराल तर मतं नको होती, पालिका नको होती. माणसं यायला हवी होती.

पंकज आला, खाटेवर बसला आणि कामाला लागला. तरुण, हुशार मुलगा. तिकीट वाटपात चूक, मोबाइलवरचा प्रचार कमी, समोरच्यांची लाट, अशी कारणं त्याने भराभर बोलून दाखवली. त्याला ती सौसरपासून तोंडपाठ झाली होती.

"हे वरच्याईसाठी हाय," तो म्हणाला. "आता ते नाव सांगा."

सुरेश चार हातांवर आरातले रोडगे उलटवत होता. त्याचा चिमटा थांबला.

"लिव," दत्तूभाऊ म्हणाले. "दत्तात्रय घाटोडे."

"भाऊ, मजाक नोको."

"मजाक नाही. बाया माह्या दुकानात पान्यासाठी आल्या, मी त्याईले सांगतलं, घरच्या मानसाले पाठवा. त्याईनं कोनाले पाठवलं नाही, पंकज. सवता गेल्या आन बटन दाबून आल्या. ज्याची बायको पार्टीले मत देत नाही आन ज्याले ते मालूमबी नाही, त्याले शहर अध्यक्ष ठेवू नोको. सुरेशले कर, नाही त गायत्रीले कर. तिले टिकट देल्लं असतं त आज मंगला आपली पोलकी शिवत बसली असती."

पंकजने कागद मिटून खिशात घातला. आणि तेवढ्यात फाटकाशी ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीतून आधी जयवंताबाई उतरल्या, मग गायत्री, प्रणाली, मंगला आणि तिची सासू, मग लेकरं, मग ज्यांची नावं दत्तूभाऊंनी कालच शिकून घेतली होती त्या सगळ्या.

"उशीर झाला रे, दत्तू," जयवंताबाई धापा टाकत म्हणाल्या. "घराले कुलूपच सापडत नोतं. सगळेजनं एकाच टायमाले कधी बाहेर पडलोच नाही ना. कोनी ना कोनी घरी राहाचंच."

कुलपांची ही अडचण प्रत्येक घरी झाली होती म्हणे. दोघींनी तर दाराला नुसती सुतळी बांधली होती.

पंगती बसल्या. पक्षाच्या जेवणात फक्त पुरुष बसत, आणि मागे उरलं तर घरी न्यायला डबा मिळे. त्या दिवशी बायका आधी बसल्या. दत्तूभाऊ उभे राहिले, त्यांना भाषणाची सवय होती.

"निवडून आलो की मी मत देनाऱ्याईचे आभार मानत होतो," ते म्हणाले. "आज ज्याईनं नाही देल्लं त्याईचे मानतो. तुमी मत देत राहिल्या असत्या त मी तसाच घडी घालत बसलो असतो. तुमी मले जागं केलं. आन आज जेवाले आल्या. हे लय झालं. आता जेवा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हात रोडगे फोडण्यात गुंतले होते. पण जयवंताबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि धुराला दोष दिला.

सुरेश भाजीची बादली घेऊन दत्तूभाऊंच्या बरोबरीने पंगतीतून चालत राहिला. ते तूप वाढत, तो भाजी वाढत. पंगतीच्या टोकाला पोचल्यावर त्याने भाऊंच्या कपाळावरचा घाम आपल्या दुपट्ट्याने पुसला, दवाखान्यात पुसायचा तसा, आणि पुन्हा बादली उचलली. दत्तूभाऊंनी त्याचा दंड घट्ट धरला आणि सोडला.

पंकज पुरुषांच्या पंगतीची वाट पाहत उभा होता. उर्मिलावहिनींनी त्याला विचारलं, "एकटेच आले काय, भाऊजी? आवतन चूलबंद होतं. बाईले नाही आनलं?"

"ते सौसरले हाय ना, वयनी. घरी."

"त्याईनं कोनाले मत देल्लं, विचारलं काय?"

पंकज हसला. मग हसू ओसरलं. थोड्या वेळाने तो फोन घेऊन लांबच्या झाडाखाली गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला. परत आला तेव्हा कागदावर त्याने काय लिहिलं ते कोणाला दिसलं नाही, पण सुरेशचं नाव त्यात नव्हतं, एवढं दत्तूभाऊंनी विचारून घेतलं.

उर्मिलावहिनी बायकांच्या पंगतीत अगदी टोकाला बसल्या होत्या, सवयीने शेवटी. दत्तूभाऊ तुपाची वाटी घेऊन त्यांच्यापुढे वाकले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला पहिल्यांदाच वाढलं.

"उर्मिला," ते हळूच म्हणाले, "पुढच्या खेपेले मत कोनाले देशीन?"

उर्मिलावहिनींनी रोडगा फोडला. आतून वाफ निघाली. त्यांनी नवऱ्याकडे वर पाहिलं, चांगलं निरखून.

"आता विचारलं ना," त्या म्हणाल्या, "आता विचार करीन. तूप वाढा."